हौदा आणि रंगमंच

१९०२ सालच्या जून महिन्यात लंडनला सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक व्हायचा होता. हिंदुस्थानातले संस्थानिक त्यासाठी समुद्र ओलांडून तिकडे जमले होते. ऐन वेळी राजाला अपेंडिक्सचा विकार जडला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ऑगस्टपर्यंत लांबला. कोल्हापूरचे शाहू छत्रपती त्या पाहुण्यांमध्ये होते. वय अठ्ठावीस, देह पैलवानी, आणि मागे कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणाने, म्हणजे महाराजांना वैदिक मंत्रांचा अधिकार आहे की नाही या वादाने, पेटलेले वातावरण. या प्रवासात केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्मानाची पदवी दिली. महाराज परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या जातींसाठी राखण्याचा जाहीरनामा कोल्हापुरात प्रसिद्ध झाला. आणि याच प्रवासात त्यांनी रोममध्ये कोलोसियम पाहिले.

जाहीरनाम्याला इतिहासात त्याची जागा मिळाली, ते योग्यच झाले. कोलोसियमची गोष्ट मात्र बहुतेक वेळा महाराजांच्या कुस्तीप्रेमाचा एक किस्सा म्हणून सांगितली जाते. मला ती त्याहून मोठी वाटते. पडक्या कोलोसियमकडे पाहून कुणाला रोमचे वैभव आठवेल, कुणाला तिथले रक्तपाताचे खेळ. शाहू महाराजांना तिथे बसण्याच्या पायऱ्या दिसल्या. हजारो माणसे एकाच वेळी बसतील आणि शेवटच्या माणसालाही मधला खेळ नीट दिसेल अशी ती रचना होती. ती त्यांनी मनात घेतली आणि कोल्हापुरात येऊन मातीत उतरवली.

तेव्हाचा कुस्त्यांचा फड कसा भरत असे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या पायऱ्यांचे मोल कळत नाही. गावाबाहेरच्या माळावर किंवा ओढ्याकाठी जागा नांगरून भुसभुशीत करायची, भोवती दोर लावायचा. पुढे गालिच्यावर किंवा खुर्च्यांवर मानकरी, त्यांच्यामागे बसलेली माणसे, त्यांच्यामागे उभी राहिलेली, आणि सगळ्यांत मागे झाडांवर चढलेली पोरे. पाच-सहा रांगांपलीकडच्या माणसाला पैलवानांची डोकी तेवढी दिसायची. कुस्ती जमिनीवर गेली, म्हणजे खरी रंगात आली, की तेही दिसेनासे व्हायचे. कोण चितपट झाला हे पुढच्यांच्या आरोळीवरून समजायचे. दहा कोस चालत आलेला शेतकरी कुस्ती पाहायला यायचा आणि पुष्कळदा ती ऐकून परत जायचा.

खासबाग ही नावाप्रमाणेच दरबाराची खास बाग होती. रंकाळा आणि अंबाबाईच्या देवळापासून फार लांब नाही, शहराच्या अगदी पोटात. तिथे १९०७ मध्ये काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान उभे राहिले. त्याच सुमारास भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले होते. दुष्काळ आणि प्लेग या दोहोंनी संस्थान नुकतेच होरपळून निघाले होते. अशा काळात राजाने पैलवानांच्या मैदानावर पैसा का घालावा, हा प्रश्न आज पडतो, तसा तेव्हाही कुणाला पडला असणारच. त्याचे उत्तर मैदानाच्या घडणीतच आहे.

खासबागेचे मैदान एखाद्या मोठ्या परातीसारखे आहे. मध्ये कुस्तीचा गोल हौदा, त्याच्याभोवती मोकळी जागा, आणि मग चहूबाजूंनी गोलाकार चढत गेलेल्या पायऱ्या. छप्पर नाही, नजरेच्या आड येणारा खांब नाही. तीस हजारांच्या आसपास माणसे एका वेळी बसू शकतात असे सांगतात. फडाच्या दिवशी त्याहून अधिक दाटीवाटीने बसतात. सर्वांत वरच्या पायरीवर बसून खाली पाहिले, तर खालच्या पैलवानाचा पट काढताना जमिनीला टेकलेला गुडघासुद्धा दिसतो. राजघराण्यासाठी बैठक होती, मानपान होते, संस्थानी रिवाज होता. पण ‘दिसणे’ या बाबतीत पुढचा आणि मागचा यांच्यातले अंतर या मैदानाने पुसून टाकले. ज्या राजाने नोकरीत जागा राखल्या, बोर्डिंगे काढली, तलाव-विहिरी आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचे हुकूम काढले, त्याच राजाने करमणुकीच्या जागीही हाच हिशेब केला.

मैदानाची सुरुवात झाली ती तोलामोलाच्या जोडीने. इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या पंजाबकडच्या मल्लांची कुस्ती तिथे लागली. इमामबक्ष म्हणजे जगज्जेत्या गामाचा धाकटा भाऊ. १९१० साली दोघे भाऊ लंडनला गेले होते. तिथे गामाने झिबिस्कोला धरला आणि इमामबक्षने जॉन लेमला हरवले, त्याची चर्चा देशभर होती. असा पैलवान कोल्हापूरच्या मातीत उतरणार म्हटल्यावर पंचक्रोशीतून लोटलेल्या गर्दीची कल्पना करता येते. पुढे उत्तरेकडच्या मल्लांनी दक्षिणेत येऊन नाव करायचे तर कोल्हापूर गाठायचे, हा जणू नियमच झाला. फाळणीनंतरही सीमेपलीकडचे सादिक, गोगा यांच्यासारखे पैलवान इकडे येऊन कुस्त्या करत राहिले आणि कोल्हापूरकरांनी त्यांच्यावर आपल्या पैलवानाइतकाच जीव लावला. कुस्ती निकाली असली पाहिजे, एवढीच प्रेक्षकांची अट असे. नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून खेळलेली, त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

या मैदानामागे तालमींचे एक सबंध जग उभे होते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळाइमाम, मठ तालीम अशा पेठापेठांतल्या तालमी. पहाटे तीन-चारला उठून जोर-बैठका, मग हौदा खणून माती वरखाली करणे, मग लढत. हौद्यातली माती ही काही नुसती रानातली माती नसते. तांबडी माती आणून ती चाळायची, खडा राहू द्यायचा नाही. तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, काव घालायची आणि ती मुरवायची. चांगल्या हौद्यात पाय ठेवला की गार लागते आणि एक आंबूस, औषधी वास येतो. खरचटलेले त्या मातीत आपोआप बरे होते अशी पैलवानांची श्रद्धा. लढतीनंतर अंगावर तीच माती चोळून घाम मुरवायचा, मग थंडाई. खुराक परवडत नसलेल्या मुलाच्या पोटापाण्याची सोय दरबाराकडून व्हायची. तालमीत येणारा मुलगा मराठा, मुसलमान, जैन, धनगर, बेरड, कुणीही असू शकत होता. लंगोट चढवला आणि हौद्यात उतरले की दोन देह आणि एक माती एवढेच उरते. एरवी एकमेकांच्या सावलीचाही विचार करणाऱ्या समाजात ही अंगाला अंग भिडवणारी जागा होती. शाहू महाराज स्वतः या मातीत उतरलेले, त्यामुळे तिचे हे बळ त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

खासबागेचे मैदान पुरे होते न होते तोच त्याच्या शेजारी दुसरे काम सुरू झाले. १९१३ मध्ये पाया पडला आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. मैदानाला आणि नाट्यगृहाला एकमेकांचा शेजार मुद्दाम दिलेला. नाट्यगृहाची पाठ मैदानाकडे, आणि मैदानाच्या त्या बाजूला उघडा रंगमंच. म्हणजे एकाच आवारात एका बाजूला शड्डूचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला ऑर्गनचे सूर. पैलवानाला आणि नटाला असे पाठीला पाठ लावून बसवणारे शहर मला तरी दुसरे माहीत नाही.

यामागे कोल्हापूरचे गाणे होते. उस्ताद अल्लादियाखाँ १८९५ पासून इथे दरबार गायक होते. जयपूर-अत्रौली गायकी महाराष्ट्रात रुजली ती त्यांच्यामुळे, आणि त्यांची कोल्हापुरातली वर्षे ही त्या रुजण्याची वर्षे. गोविंदराव टेंबे इथलेच. ‘मानापमान’ला चाली देऊन त्यांनी नाट्यसंगीताचे वळण बदलले. खासबागेपासून हाकेच्या अंतरावर देवल क्लब, गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांचा तो अड्डा एकोणिसाव्या शतकापासूनचा. नारायण राजहंस हा मुलगा कानाच्या दुखण्याने बेजार होता, तेव्हा त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात उपचारासाठी पाठवण्याची व्यवस्था शाहू महाराजांनी केली; मिरजेतच १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर शकुंतला म्हणून उभा राहिला आणि बालगंधर्वांचे युग सुरू झाले. असे हे गाव. त्याला नाटकाची हौस होती, नट होते, गवई होते, पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर होते. नव्हती ती एक चांगली, पक्की जागा.

तेव्हाच्या नाटक कंपन्या गावोगाव तात्पुरते मांडव नाहीतर पत्र्याचे नाट्यगृह पाहून प्रयोग करत. पाऊस आला की पत्र्यावर धडधड, मागच्या प्रेक्षकाला एक अक्षर कळत नसे. ध्वनिवर्धक हा प्रकारच नव्हता. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकात नटाचा गळा, ऑर्गन आणि तबला यांच्यावर सगळा भार. अशा नाट्यगृहाची पहिली गरज एकच, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत निर्मळ पोहोचला पाहिजे. युरोपातली थिएटरे महाराजांनी पाहिली होती. पॅलेस थिएटरच्या प्रेक्षागृहात मध्ये खांब ठेवला नाही. छताचा भार भिंतींवर आणि कैच्यांवर घेतला. दगडी भिंती, लाकडी रंगमंच, त्याच्याखाली सोडलेली पोकळी, वर लाकूडकाम. या सगळ्यांचा मेळ असा जमला की रंगमंचावर सहज बोललेले मागे ऐकू येई. इथे कामे केलेल्या जुन्या नटांकडून एकच वाक्य ऐकायला मिळते: इथे आवाज ‘लागतो’. या ‘लागण्या’साठी नट दूरदूरच्या गावांतून कोल्हापूरच्या तारखा मागत.

इथे पुन्हा तोच हिशेब दिसतो. मैदानात शेवटच्या माणसाला दिसले पाहिजे, थिएटरात शेवटच्या माणसाला ऐकू आले पाहिजे. कोल्हापूरच्या त्या दोन वास्तूंचे शास्त्र यापलीकडे फार गुंतागुंतीचे नाही, पण ते कुणीतरी मनावर घ्यावे लागते.

नाट्यगृहाला आज ज्यांचे नाव आहे त्या केशवराव भोसल्यांचे आयुष्य या इमारतीइतकेच सांगण्यासारखे आहे. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, कळू लागण्याच्या वयात पोर स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शाळा, घर, गुरुकुल, सगळे ती कंपनीच. बालवयात केलेल्या ‘शारदा’तल्या शारदेने त्यांचे नाव झाले. पुढे वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळीला त्यांनी स्वतःची कंपनी काढली: ललितकलादर्श. त्या काळी कंपनी काढणे म्हणजे पन्नास-शंभर माणसांचे बिऱ्हाड पाठीवर घेणे. नट, गवई, साथीदार, आचारी, पडदेवाले, सगळ्यांचे जेवण, सगळ्यांचे आजारपण मालकाच्या डोक्यावर. ते त्यांनी निभावले आणि वर नवे नाटककार जवळ केले. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके ललितकलादर्शने रंगभूमीवर आणली. हुंडा आणि धर्मांतर यांसारखे चालू काळाचे प्रश्न गाण्याच्या नाटकात आणायचे, आणि त्यासाठी रंगवलेल्या गुंडाळी पडद्याऐवजी खऱ्याखुऱ्या घरासारखे नेपथ्य उभे करायचे, हे धाडस होते. केशवरावांचा आवाज वरच्या पट्टीचा, धारदार, तापत जाणारा. लोकांनी त्यांना संगीतसूर्य म्हटले.

मग १९२१. टिळक स्वराज्य फंडासाठी निधी जमवायचा म्हणून दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका नाटकात एकत्र आल्या. ८ जुलैला मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त ‘मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. एकाच रंगमंचावर हे दोघे, आणि प्रत्येकाचे आपापले भक्त प्रेक्षागृहात. त्या रात्रीबद्दल मराठी माणसाने जितके लिहिले आणि बोलले आहे तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रयोगाबद्दल असेल. त्यानंतर तीन महिने झाले नाहीत तोच विषमज्वराने केशवराव पुण्यात गेले. ४ ऑक्टोबर १९२१. वय एकतीस. पुढच्याच वर्षी ६ मे रोजी मुंबईत शाहू महाराज गेले, तेही अठ्ठेचाळीस पुरे व्हायच्या आत. आवार उभे करणारा आणि त्या आवाराला ज्याचे नाव मिळायचे होते तो, असे दोघेही सात महिन्यांच्या अंतराने गेले. अल्लादियाखाँही त्यानंतर मुंबईला गेले.

इथे एका वास्तूचा इतिहास थांबू शकला असता. राजाश्रय गेला की अशा इमारतींची गोदामे होतात. पॅलेस थिएटरचे तसे झाले नाही, कारण तोवर ते लोकांचे झाले होते. बोलपट आले, संगीत नाटकांच्या कंपन्या एकेक करून बसल्या, थिएटरात सिनेमाही दाखवले गेले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराच्या या वास्तू नागरिकांच्या झाल्या. कागदावर आधी नगरपालिका, आणि १९७२ पासून महानगरपालिका. पॅलेस थिएटरचे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र दोन्ही नावे राहिली.

राज्य नाट्य स्पर्धेचे कोल्हापूर केंद्र इथेच असे. त्यासाठी वर्षभर नोकरी सांभाळून रात्री तालमी करणारे हौशी संघ, शाळांच्या स्नेहसंमेलनात पहिल्यांदा इथल्या पडद्याआड थरथरत उभी राहिलेली मुले, मुंबईहून आलेली व्यावसायिक नाटके, गाण्याच्या मैफली, शहरातल्या शोकसभा आणि सत्कार. कोल्हापूरच्या माणसाला रंगमंचावरचा पहिला प्रकाश बहुधा इथेच लागलेला असतो. या हौशी मंडळींनी काय मिळवले, याची यादी देण्याची गरज नाही. मराठी सिनेमा आणि मालिका उघडून बघा, कोल्हापूरचा एक तरी नट सापडतोच, आणि त्याच्या आठवणीत या नाट्यगृहाचा रंगमंच असतोच.

शेजारच्या हौद्याचेही दिवस तेव्हा भरात होते. साठ आणि सत्तरची दशके ही खासबागेच्या वैभवाची. एकसंब्याहून आलेले श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पुनवतचे गणपत आंदळकर १९६० साली, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली. तिघेही खेड्यातून आलेले. खंचनाळ्यांनी शाहूपुरी तालमीत आणि आंदळकरांनी मोतीबागेत पुढच्या पिढ्या घडवल्या. त्याआधी खाशाबा जाधव याच शहरात राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना मदत केली, आणि १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्या पैशांतून आले. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून त्या रकमेची फेड केली. माझ्या मते ही हकिगत पदकाइतकीच मोठी आहे. एका गुरूने घर लावले आणि एका गावाने कुस्तीचे तिकीट काढून ते सोडवले.

पण खाशाबांच्याच कहाणीत खासबागेपुढचा पेच दडलेला आहे. ते लंडनला गेले तेव्हा मॅटवर उतरण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मातीतली कुस्ती वेळेचे बंधन मानत नाही. पाठ जमिनीला लागली तरच निकाल. मॅटवर मिनिटे मोजली जातात, गुण मोजले जातात. आंतरराष्ट्रीय पदके मॅटवर मिळतात, सरकारी नोकऱ्या त्या पदकांवर मिळतात, त्यामुळे तालमीतल्या मुलाला दोन्हीकडे पाय ठेवावा लागतो. खासबागेत फड भरतो, हलगी वाजते, लोक येतात. पण ज्या काळात एका कुस्तीसाठी आठवडाभर आधीपासून एसटीच्या गाड्यांमध्ये तिचीच चर्चा असे, तो काळ ओसरला. काही वर्षे मैदान मोकळेच राहते, पायऱ्यांवर संध्याकाळी हवा खाणारी माणसे बसतात आणि बाहेर खाऊगल्लीत भेळेच्या गाड्या लागतात. खासबाग म्हटले की नव्या पिढीला आधी भेळ आठवते, यात वाईट काही नाही. माणसे त्या आवारात येत राहिली हेच महत्त्वाचे.

नाट्यगृहाचे गेल्या काही दशकांत वेळोवेळी नूतनीकरण झाले. नव्या खुर्च्या, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, दिवे. प्रत्येक नूतनीकरणानंतर गावात एक वाद ठरलेला: आवाज पूर्वीसारखा राहिला का? छताखाली काय लावले, भिंतीला कसला थर दिला, याची चौकशी नट मंडळी स्वतः जाऊन करायची. काही वेळा हा वाद कडू झाला. मला तो या वास्तूचा सन्मान वाटतो. सरकारी मालकीच्या किती सभागृहांच्या भिंतींसाठी नागरिक असे भांडतात?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. मैदानाकडच्या व्यासपीठाची बाजू आणि नाट्यगृहाची पाठ ही एकमेकांना लागूनच. लाकूड जुने, वाळलेले. आगीचे बंब आले, लोक धावत आले, पण आतले छत, रंगमंच, खुर्च्या, पडदे, सारे त्या रात्री गेले. दर्शनी दगडी भाग आणि भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. दरवर्षी त्या दिवशी रंगकर्मी नाट्यगृहात जमत. त्या दिवशी ते धूर निघणाऱ्या ढिगाऱ्यापुढे जमले. पंचवीस-तीस वर्षे रंगमंचावर वावरलेली माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती. महाराष्ट्राने ती दृश्ये दूरचित्रवाणीवर पाहिली.

कोल्हापूरला आगीतून उभे राहण्याचा अनुभव आहे. गांधीहत्येनंतर १९४८ च्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. त्यात ‘मीठभाकर’ हा त्यांचा चित्रपट जळून गेला. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि तो चित्रपट पुन्हा पहिल्यापासून केला. त्याआधी केशवरावांच्या मृत्यूनंतर ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी वाहिली होती. असे हे दोन वारसे सांभाळले गेले, एक मालकाच्या मृत्यूनंतर आणि एक राखेतून.

या वेळी सरकारने पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपये देण्याची घोषणा केली, शहरातून मदत जमू लागली, आणि गावात लगेच एक मागणी एकमुखाने झाली: नाट्यगृह होते तसेच उभे करा. नवे, मोठे, काचेचे संकुल नको. ही मागणी नुसती हळवेपणाची नव्हती. प्रेक्षागृहाची लांबी-रुंदी, छताची उंची, रंगमंचाचा उतार आणि त्याच्याखालची पोकळी ही सगळी मापे आवाजाची मापे आहेत. ती बदलली तर नाव तेच राहील आणि नाट्यगृह दुसरेच होईल. जुन्या छायाचित्रांवरून, आराखड्यांवरून, आणि ज्यांनी तिथे आयुष्यभर कामे केली त्या नटांच्या, तंत्रज्ञांच्या, पडदे ओढणाऱ्या कामगारांच्या आठवणींवरून ती मापे नक्की करता येतात. वारसा-वास्तूंची जाण असलेल्या स्थापत्यकारांना सोबत घेऊन हे काम मूळ रूपाला धरून व्हावे, असेच ठरले.

आता ठेकेदार आणि अधिकारी यांच्याकडे पाहून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लाकूड पुन्हा लाकूडच असावे, पण या वेळी ते आगीला दाद न देणारे करून घ्यावे. विजेच्या तारा भिंतीत दडपून न टाकता जिथे दरवर्षी उघडून तपासता येतील अशा जागी न्याव्यात. पाठीमागच्या बाजूने, मैदानाकडून, बंब आत येईल एवढी वाट ठेवावी. मैदानाचे व्यासपीठ आणि नाट्यगृहाची पाठ यांच्यामध्ये आगीला अडवणारी भिंत असावी; शेजार तोडू नये, पण तो सुरक्षित करावा. आणि इमारत ताब्यात घेण्यापूर्वी, उद्घाटनाच्या भाषणांच्याही आधी, सगळे माइक बंद करून एका गाणाऱ्या नटाला रंगमंचावर उभे करावे. शेवटच्या रांगेत शहरातले सात-आठ जुने प्रेक्षक बसवावेत. नांदी त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आली, तरच महापालिकेने कामाच्या बिलावर सही करावी.